फाटकाच्या आत आणि बाहेर

कारखान्याच्या फाटकाबाहेर चालतं ते अर्थशास्त्राचं आणि आत चालतं ते व्यवस्थापनाचं, अशी वाटणी विद्यापीठांनी दीर्घकाळ पाळली आहे. बाहेर भाव ठरतात, व्याजदर चढतात-उतरतात, सरकार कर लावतं, मागणी वाढते आणि ओसरते. आत पाळ्या लागतात, माल रचून ठेवला जातो, हिशेब लिहिले जातात, बढती कुणाला द्यायची हे ठरतं. बारावीनंतर अर्थशास्त्र घेणारा विद्यार्थी आलेखांकडे आणि समीकरणांकडे वळतो, बीएमएस किंवा बीबीए घेणारा विपणन, वित्त आणि मनुष्यबळाकडे. शेजारच्या वर्गात काय शिकवतात याच्याशी आपला काही संबंध नाही, अशी दोघांचीही हळूहळू खात्री होत जाते. या प्रकरणाचं म्हणणं असं की फाटक आहे तिथेच का आहे, हा आर्थिक जीवनातला एक मूलभूत प्रश्न आहे आणि दोनपैकी एकाच विषयात वाढलेल्या विद्यार्थ्याला त्याचं उत्तर पुरतं सापडत नाही. अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन पदवीलाच एकत्र शिकावं, याचं सर्वांत भक्कम कारण तेच आहे. नोकरी लवकर लागते वगैरे कारणं खरी असतील, पण ती दुय्यम आहेत.

ही वाटणी कुणी ठरवून केली असं दिसत नाही. अमेरिकेत 1881 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात व्हार्टन स्कूल सुरू झालं. इंग्लंडमध्ये 1902 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने वाणिज्य शाखा काढली आणि तिची सूत्रं विल्यम अ‍ॅशली या आर्थिक इतिहासकाराकडे दिली. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये आल्फ्रेड मार्शल यांच्या खटपटीने अर्थशास्त्राची स्वतंत्र पदवी परीक्षा आली. 1908 मध्ये हार्वर्डचं बिझनेस स्कूल उभं राहिलं आणि 1913 मध्ये मुंबईत सिडनहॅम कॉलेज. पाच वर्षांनी तिथेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. त्या पिढीत दोन्ही विषय एकाच छपराखाली सहज नांदत होते. जमीन, श्रम आणि भांडवल यांच्या जोडीला संघटन हाही उत्पादनाचा घटक आहे असं मार्शल सांगत आणि कारखाने पाहायला स्वतः जात. फूट पुढे पडली. अर्थशास्त्र गणिताकडे सरकलं तसा त्याच्या पानांमधला उद्योग आकसत आकसत एका बिंदूएवढा झाला: एका बाजूने श्रम आणि भांडवल आत जातं, दुसऱ्या बाजूने माल बाहेर पडतो, मधे काय होतं ते विचारायचं नाही. वाणिज्याच्या शाळा उलट दिशेने गेल्या आणि कार्यालयातल्या कामाचं प्रशिक्षण देत राहिल्या. 1959 मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या अहवालांनी अमेरिकेतलं व्यवसाय-शिक्षण फार उथळ आणि कारकुनी झाल्याची सडकून टीका केली. त्यानंतर बिझनेस स्कूलांनी अर्थतज्ज्ञांना मोठ्या संख्येने आपल्याकडे ओढून घेतलं. दार पुन्हा उघडलं, पण पदवीच्या वर्गापर्यंत हा बदल फारसा पोचला नाही.

मधे काय होतं ते विचारणारा पहिला मोठा माणूस या दोन विषयांच्या सांध्यावरच घडला, हे मला फार बोलकं वाटतं. रोनाल्ड कोझ 1929 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले ते बी.कॉम. करायला. हिशेबतपासणी, व्यापारी कायदा, कारखान्यांचं व्यवस्थापन असे विषय ते शिकत होते. वाणिज्याचे प्राध्यापक अर्नोल्ड प्लांट यांच्या चर्चावर्गात त्यांना पहिल्यांदा कळलं की कुणाच्याही हुकमाशिवाय, केवळ भावांच्या हालचालीवर एवढी मोठी अर्थव्यवस्था चालू शकते. कोझ या कल्पनेने भारावले आणि लगोलग अडखळलेही. भावच सगळं जुळवून आणत असतील, तर मग कारखान्यात मालक, साहेब, मुकादम कशाला? कामगार एका विभागातून दुसऱ्या विभागात जातो तो तिकडे भाव चढला म्हणून जात नाही, त्याला जायला सांगितलं म्हणून जातो. त्याच काळात सोव्हिएत रशिया अख्खा देश एका कारखान्यासारखा चालवू पाहत होता आणि पाश्चात्त्य अर्थतज्ज्ञ हे अशक्य असल्याचं सांगत होते. अशक्य असेल तर अमेरिकेत हुकमावर चालणारे प्रचंड कारखाने कसे उभे राहिले? हा प्रश्न घेऊन कोझ 1931-32 मध्ये प्रवासी शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले आणि तिथले कारखाने व कचेऱ्या हिंडले. खरेदी खात्यातल्या माणसांना ते विचारत, की ही वस्तू तुम्ही विकत का घेता आणि ती दुसरी स्वतः का बनवता?

उत्तर त्यांना बाविसाव्या वर्षी सापडलं आणि 1937 मध्ये एका छोट्या निबंधाच्या रूपाने छापून आलं. बाजार वापरायलाही खर्च येतो: भाव शोधायचा, घासाघीस करायची, करार लिहायचा, तो पाळला जातोय का ते पाहायचं. हा खर्च हुकूम देऊन काम करून घेण्याच्या खर्चापेक्षा जास्त होतो तिथे फाटकाच्या आतला मुलूख सुरू होतो. आतला गोंधळ वाढून हुकमाचा खर्च बाजारापेक्षा चढतो तिथे तो संपतो. आज हे इतकं साधं वाटतं की यात नवल ते काय असा प्रश्न पडावा. तेव्हा मात्र जवळजवळ कुणाचंच लक्ष गेलं नाही. नोबेल मिळालं ते चोपन्न वर्षांनी, 1991 मध्ये. केवळ अर्थशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हाती असलेल्या चित्रात फाटक काढलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याला हा प्रश्न पडला नसता. केवळ व्यवस्थापन शिकलेल्याला फाटक निसर्गाने दिलेलं वाटलं असतं, त्यामुळे त्यालाही नाही. कोझ यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी हर्बर्ट सायमन यांनी एका लेखात कल्पना केली, की मंगळावरून कुणी पृथ्वीकडे पाहिलं आणि त्याला संस्था हिरव्या व बाजारातले व्यवहार लाल रेषांचे दिसले, तर चित्र बहुतांश हिरवं असेल. सायमन स्वतः प्रशासनाच्या अभ्यासातून आले होते आणि त्यांना 1978 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

कोझ यांच्या चौकशीचा एक पुढचा अध्यायही सांगण्यासारखा आहे, कारण नुसत्या सिद्धान्तावर विसंबल्याने काय होतं ते त्यात दिसतं. जनरल मोटर्सने 1926 मध्ये फिशर बॉडी ही गाड्यांचे सांगाडे बनवणारी कंपनी पूर्ण विकत घेतली. पन्नासेक वर्षांनी अर्थशास्त्राच्या लिखाणात या खरेदीची एक गोष्ट रूढ झाली: फिशरने दीर्घ कराराचा गैरफायदा घेऊन जनरल मोटर्सची कोंडी केली, कारखाना जवळ बांधायला नकार दिला, म्हणून अखेर कंपनीच घ्यावी लागली. गोष्ट सिद्धान्तात चपखल बसत होती आणि पिढ्यान्‌पिढ्या वर्गात सांगितली गेली. 2000 साली, वयाच्या नव्वदीत, कोझ यांनी आणि इतर काही अभ्यासकांनी जुनी कागदपत्रं चाळून दाखवलं की तशी कोंडी झालीच नव्हती. शिवाय ए. ओ. स्मिथ ही कंपनी स्वतंत्र राहूनही वर्षानुवर्षं जनरल मोटर्सला चौकटी पुरवत होती. विलीनीकरणाची कारणं माणसं, नेतृत्व आणि समन्वय यांच्याशी जास्त निगडित होती. सिद्धान्त त्यामुळे चुकीचा ठरला नाही, त्याचं आवडतं उदाहरण मात्र कोसळलं. कारखाना आतून कसा चालतो याची चौकशी करण्याची सवय अर्थतज्ज्ञांच्या अंगी असती, तर ते इतकी वर्षं टिकलं नसतं.

आता आपल्या जवळचा पुरावा. मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि त्यापुढे गुजरातच्या हद्दीत उंबरगाव इथे सुती कापड विणणाऱ्या मध्यम आकाराच्या बऱ्याच गिरण्या आहेत. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 पासून इथल्या 17 कंपन्यांमध्ये एक प्रयोग केला. त्याचा निबंध 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना एका आंतरराष्ट्रीय सल्लागार संस्थेची मदत पाच महिने फुकट देण्यात आली. तुलनेसाठीच्या कारखान्यांना एक महिन्याची पाहणी तेवढी मिळाली. कुणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं, म्हणून तुलना विश्वासार्ह. सल्लागारांनी 38 साध्या सवयी लावायचा प्रयत्न केला. त्यात नवं यंत्र नव्हतं, नवं तंत्र नव्हतं. कुठल्या मागावर कोणता दोष किती वेळा येतो त्याची रोज नोंद करायची. माग बंद पडला तर का पडला ते लिहायचं. गोदामातलं सूत रंग, जाडी आणि जुनेपणाप्रमाणे लावून त्यावर चिठ्ठी लावायची, म्हणजे आहे तेच सूत पुन्हा मागवलं जाणार नाही. मागाच्या आसपासची जमीन झाडून ठेवायची. रोज सकाळी उत्पादन, देखभाल आणि गुणवत्ता पाहणाऱ्यांनी उभ्या-उभ्या भेटायचं. एवढ्याने पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली आणि तीन वर्षांत या कंपन्यांनी आणखी कारखाने उघडले.

केवळ अर्थशास्त्र शिकलेल्या वाचकाला इथे ठेच लागायला हवी. त्याला शिकवलेलं असतं की फायद्याची गोष्ट पडून राहत नाही, कुणीतरी ती उचलतोच. मग सरासरी वीस वर्षं चाललेल्या गिरण्यांनी फरशी झाडणं आणि दोषांची नोंद ठेवणं इतकी वर्षं का केलं नाही? मालक आळशी होते म्हणून नाही. बऱ्याच सवयी त्यांना माहीत नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्या आपल्या गिरणीला लागू पडतील असं त्यांना वाटत नव्हतं; आपला माल ठीकच आहे, शेजारच्या गिरणीतही असंच चालतं. मग वाईट चालणाऱ्या गिरण्या चांगल्या गिरण्यांपुढे बुडाल्या का नाहीत? या प्रश्नाचं उत्तर मात्र केवळ व्यवस्थापन शिकलेल्याला देता येत नाही. संशोधकांना आढळलं की कंपनी किती मोठी होणार हे मालकाच्या घरात किती पुरुष माणसं आहेत यावर मोठ्या प्रमाणात ठरत होतं. बाहेरच्या व्यवस्थापकाच्या हाती गिरणी सोपवली आणि त्याने सूत किंवा पैसा लांबवला, तर कोर्टात न्याय मिळायला वर्षानुवर्षं जातात. म्हणून मालक मुलगा, भाऊ, पुतण्या यांच्यापलीकडे विश्वास टाकत नव्हते, आणि उत्तम चालणारी गिरणीसुद्धा घरातली माणसं संपली की वाढायची थांबत होती. नोंदी सुरू झाल्यावर मालकाला बसल्या जागी कळू लागलं आणि तो अधिकार थोडे खाली सोडायला तयार झाला. मागाशेजारची वही आणि कोर्टातली दिरंगाई एकाच साखळीच्या कड्या निघाल्या. या साखळीचं एक टोक व्यवस्थापनाच्या पुस्तकात असतं, दुसरं अर्थशास्त्राच्या.

नऊ वर्षांनी हेच संशोधक परत गेले तेव्हा निम्म्या सवयी सुटलेल्या होत्या. कारखान्याचा व्यवस्थापक बदलला की सवय गेली, किंवा मालकाला वेळ उरला नाही. तरीही सल्ला मिळालेले आणि न मिळालेले कारखाने यांच्यातलं अंतर ठळकपणे टिकून होतं. आणि एक बाब अर्थशास्त्राला आणखी कोड्यात टाकणारी: एका कंपनीच्या एका कारखान्यातून तिच्याच दुसऱ्या कारखान्यात या सवयी बऱ्याच पसरल्या होत्या, पण एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत फारच थोड्या. फाटक माहितीलाही अडवतं.

उलट बाजूने, अर्थशास्त्र व्यवस्थापनाला काय देतं? कार्यकारणभावाची शिस्त देतं, असं मी म्हणेन. अमेरिकेत सेफलाइट नावाची गाड्यांच्या काचा बसवणारी कंपनी 1990 च्या दशकात तासाच्या पगारावरून नगावारी मोबदल्यावर गेली आणि दर कामगारामागचं काम सुमारे 44 टक्क्यांनी वाढलं. एखादं व्यवस्थापनाचं मासिक इथेच थांबून सांगेल, की नगावारी पैसे द्या, माणसं जास्त काम करतात. एडवर्ड लाझियर या अर्थतज्ज्ञाने एकेका कामगाराच्या नोंदी वेगळ्या काढल्या तेव्हा दिसलं, की त्याच माणसाने जास्त काम करण्याचा वाटा यात साधारण निम्मा. उरलेल्यापैकी बरीच वाढ माणसंच बदलल्यामुळे आली: जलद हाताचे लोक नव्याने आले आणि टिकले. हा भेद बारीक वाटेल, पण ज्या गावात नवी माणसं मिळतच नाहीत तिथल्या मालकाने 44 टक्क्यांच्या भरवशावर योजना आखली, तर तो तोंडघशी पडेल. सरासरीत काय लपलं आहे, कोण आलं आणि कोण गेलं, हे विचारायची सवय अर्थशास्त्राच्या चांगल्या वर्गात लागते. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या तासाला ती क्वचितच लागते.

महाराष्ट्राने तर हा एकत्रित अभ्यास पुस्तकाबाहेर करून दाखवला आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ हे नाणावलेले अर्थतज्ज्ञ. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांकडून भाग भांडवल गोळा करून सहकारी साखर कारखाना उभारायला घेतला, तेव्हा त्याचं अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारलं आणि बरीच वर्षं सांभाळलं. 1950-51 च्या हंगामात प्रवरेच्या काठी गाळप सुरू झालं. उसाचा कारखाना हा या विषयाचा जवळजवळ आदर्श धडा आहे. तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते, म्हणून तो शक्यतो दिवसभरात गाळला गेला पाहिजे. म्हणजे शेतकरी ऊस लांबच्या बाजारात नेऊन भाव करू शकत नाही आणि कारखानाही दुरून ऊस आणू शकत नाही. खासगी मालकाच्या कारखान्यापुढे शेतकरी अडकलेला. शेतकरीच मालक झाला की ही कोंडी फुटते. हे झालं अर्थशास्त्र. पण त्यानंतर कुणाच्या शेतात तोडणीची टोळी कधी जाणार, साखरेचा उतारा कसा टिकवायचा, गाड्यांची रांग कशी लावायची, ही सगळी व्यवस्थापनाची कसोटी, आणि तिच्यात नापास झालेला कारखाना सहकाराच्या तत्त्वावर कितीही निष्ठा असली तरी तोट्यात जातो.

पन्नास वर्षांनी अशाच कारखान्यांवर एक महत्त्वाचा अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी, दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांनी 1971 ते 1993 या काळातल्या महाराष्ट्रातल्या जवळपास शंभर सहकारी साखर कारखान्यांची आकडेवारी तपासली. निबंध 2001 मध्ये आला. नियमाप्रमाणे लहान-मोठ्या सगळ्या सभासदांना उसाचा दर एकच. मग ज्यांच्या हातात संचालक मंडळ आहे अशा मोठ्या बागायतदारांना स्वतःचा फायदा करून घ्यायचा तर कसा? उसाला कमी दर देऊन कारखान्याकडे पैसा साठवायचा आणि तो आपल्या पसंतीच्या मार्गाने वळवायचा. अभ्यासाचा निष्कर्ष असा, की परिसरात जमिनीची विषमता जास्त असते तिथे उसाचा दर कमी राहतो आणि कारखान्याची गाळप क्षमताही लहान राहते. ताळेबंद वाचायला शिकलेला विद्यार्थी राखीव निधी फुगलेला पाहून कारखाना भक्कम आहे असं म्हणेल. मागणी-पुरवठा शिकलेला म्हणेल, दर कमी आहे म्हणजे साखरेला उठाव नसेल. सातबारा, संचालक मंडळाची निवडणूक आणि ताळेबंद हे तिन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवणाऱ्यालाच खरं कारण दिसेल.

या भूमिकेवर आक्षेप आहेत आणि ते वजनदार आहेत. पहिला असा, की दोन विषय अर्धे-अर्धे शिकलेला विद्यार्थी दोन्हीकडे कच्चा राहतो. यात तथ्य आहे आणि ते मान्य करायला हवं. ज्याला पुढे अर्थशास्त्राच्या सिद्धान्तात किंवा चलनविषयक धोरणात संशोधन करायचं आहे, त्याला गणित आणि संख्याशास्त्राची जी जाड पायाभरणी लागते ती संयुक्त पदवीत बसत नाही. त्याने अर्थशास्त्रासोबत गणितच घ्यावं. पण हा आक्षेप बहुतेक वेळा एका वाईट अभ्यासक्रमाला लागू पडतो, ज्यात दोन विभाग आपापले तास घेतात, आपापले पेपर काढतात आणि विद्यार्थी एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन भावांच्या घरी आळीपाळीने जेवावं तसा राहतो. आपल्याकडच्या बी.कॉम.मध्ये व्यवसाय अर्थशास्त्र, लेखाकर्म आणि वाणिज्य हे सगळं असतंच. उणीव असते ती एकाचा प्रश्न दुसऱ्याच्या तासाला विचारण्याची. ऑक्सफर्डच्या तीन वर्षांच्या अर्थशास्त्र-व्यवस्थापन पदवीला प्रवेशासाठी गणित अनिवार्य आहे आणि पहिल्या वर्षी अर्थशास्त्र, सर्वसाधारण व्यवस्थापन व वित्त हे सगळ्यांनाच करावं लागतं. निवडीला मुभा मिळते ती त्यानंतर. पाया सक्तीचा आणि फांद्या ऐच्छिक, ही मांडणी मला योग्य वाटते. तिच्यात उथळपणाला वाव कमी राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो पुराव्यानिशी येतो. डॅरन असेमोग्लू, अ‍ॅलेक्स हे आणि डॅनियल ल मेर यांनी 2022 मध्ये अमेरिका आणि डेन्मार्कमधल्या कंपन्यांचा अभ्यास मांडला. व्यवसाय-शिक्षण घेतलेला माणूस कंपनीच्या प्रमुखपदी आला की पाच वर्षांत कामगारांचं वेतन अमेरिकेत सुमारे 6 टक्क्यांनी आणि डेन्मार्कमध्ये 3 टक्क्यांनी घसरतं. विक्री, गुंतवणूक किंवा उत्पादकता मात्र वाढत नाही. त्याआधी सुमंत्र घोषाल या कोलकात्यात जन्मलेल्या आणि लंडन बिझनेस स्कूलमध्ये शिकवणाऱ्या अभ्यासकाने, त्यांच्या मृत्यूनंतर 2005 मध्ये छापून आलेल्या निबंधात, थेट अर्थशास्त्रालाच आरोपी केलं होतं. माणूस संधी मिळताच फसवतो असं गृहीत धरणारे सिद्धान्त तुम्ही व्यवस्थापकांना शिकवता, मग ते तसं गृहीत धरून वागतात, आणि हाताखालची माणसं खरोखर तशी होत जातात. दोन्ही विषय एकत्र आणण्याने हा रोग बळावेल, असं यावरून कुणी म्हणेल.

मला या पुराव्यातून उलटा निष्कर्ष निघताना दिसतो, पण घोषाल यांचं म्हणणं झटकून नव्हे. कंपनीचा नफा वाढला आणि उत्पादन तेवढंच राहिलं, तर नवीन काही निर्माण झालं नाही. एकाच्या खिशातलं दुसऱ्याच्या खिशात गेलं. निर्मिती आणि हस्तांतर यांतला हा फरक अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा आहे. कंपनीच्या खतावणीत तो कुठेच दिसत नाही, तिथे दोन्ही गोष्टी नफा म्हणूनच उतरतात. वेतनाकडे फक्त खर्चाची एक ओळ म्हणून पाहणारा व्यवस्थापक अपुरं अर्थशास्त्र शिकलेला असतो. आणि माणूस नेहमी स्वार्थीच असतो हे वाक्य सिद्धान्त म्हणून पाठ करणारा अर्थतज्ज्ञही अपुराच. कारण ते गृहीतक आहे, कुठल्या कारखान्यात, कुठल्या परिस्थितीत ते टिकतं हे तपासावं लागतं. तारापूरच्या मालकांचा अविश्वास घ्या. तो त्यांच्या स्वभावात नव्हता, कोर्टांच्या अवस्थेत होता. परिस्थिती थोडी पालटली, हाती नोंदी आल्या, आणि तोच माणूस विश्वास टाकू लागला. घोषाल यांना जे भय होतं त्यावर उपाय अर्थशास्त्र वर्गाबाहेर काढणं हा नाही. त्याची गृहीतकं प्रत्यक्ष संस्थांवर रोज घासून पाहणं हा आहे, आणि ते व्यवस्थापनाच्या अभ्यासाशिवाय शक्य नाही. संयुक्त पदवी हे आपोआप घडवून आणेल अशी हमी मी देत नाही. वाईट हातांत ती स्वार्थाला हुशारीची जोड देईल. पण दोन विषय वेगळे ठेवूनही तेच घडत आलं आहे, आणि वेगळेपणात तर परस्परांना तपासण्याची सोयही नाही.

व्यवस्थापन वर्गात शिकताच येत नाही, ते हाताखाली काम करूनच येतं, हा तिसरा आक्षेप. माणसं हाताळणं खरोखरच तसं येतं. वीस वर्षांच्या मुलाला नेतृत्वाची व्याख्यानं देण्यात वेळ घालवू नये हे मला मान्य आहे, आणि पदवीच्या व्यवस्थापनातला तो भाग खुशाल कमी करावा. पण संस्था कशा बनतात, अधिकार कुठे राहतो, माहिती वर जाताना कशी गळते, मोजमाप केलेल्या कामाकडे लक्ष जातं आणि न मोजलेलं काम कसं मागे पडतं, हे अभ्यासाचे विषय आहेत. बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांनी तरुणपणी फिनलंडमधल्या एका उद्योगसमूहात नियोजनाचं काम केलं. माहिती मागितली की ती देणारा आपल्या सोयीची देतो, हे त्यांनी तिथे पाहिलं. त्यातून सुरू झालेल्या विचारांचं गणित त्यांनी पुढे मांडलं आणि 2016 चं नोबेल त्यासाठीच मिळालं. प्रत्यक्ष काम आणि सिद्धान्त यांच्या मधली ये-जा विद्यार्थीदशेतच सुरू व्हावी, एवढंच मागणं आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आपल्या विद्यापीठांमध्ये मुख्य विषयासोबत गौण विषय घेण्याची सोय आली आहे. अर्थशास्त्र मुख्य आणि व्यवस्थापन गौण, किंवा उलट, अशी जोडी आता कागदावर शक्य आहे. ती कागदावरच राहू नये यासाठी दोन्ही शिक्षकांनी मिळून तपासायचा निदान एक प्रकल्प दरवर्षी असावा, आणि त्यासाठी विषय शोधत लांब जायची गरज नाही. ऊसतोडणीचंच घ्या. दर हंगामाला बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं कोयता घेऊन निघतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. कारखाना त्यांना नोकरीवर ठेवत नाही. तो वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाला उचल देतो, मुकादम पावसाळ्यातच ती कोयत्यांना वाटतो, आणि हंगामभर तोडलेल्या टनांतून ती फिटत जाते. उसाचं गाळप एक दिवसही खोळंबू न देणारा कारखाना, ज्याच्यावर गाळप अवलंबून आहे ते कामच फाटकाबाहेर का ठेवतो? पाच-सहा महिन्यांच्या हंगामासाठी कायम पगार परवडत नाही म्हणून, की उचल बुडण्याची जोखीम दुसऱ्याच्या अंगावर राहते म्हणून, की कामगार म्हणून नोंद झाली तर येणारी कायदेशीर देणी टळतात म्हणून? तोडणी यंत्र आलं तर ते कोण विकत घेईल, आणि लहान तुकड्यांच्या शेतांत ते फिरेल का? वार्षिक अहवालात या सगळ्याची एकच ओळ असते, तोडणी व वाहतूक खर्च. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ती ओळ देऊन सांगावं, की हिच्यातला प्रत्येक रुपया कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातो, कुठल्या टप्प्यावर भाव ठरतो, कुठल्या टप्प्यावर हुकूम चालतो, आणि उचल बुडाली तर शेवटी नुकसान कुणाचं होतं, ते आठ पानांत लिहून आण.